अन्न सोडलेल्या कुत्र्याचा परळ

घोड नदीच्या आणि भीमेच्या काठी अन्न सोडणाऱ्या कुत्र्याची कथा निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते. एका रूपात कुत्रा ताटातले विष ओळखतो आणि धन्याचा जीव वाचवतो. दुसऱ्यात तो धन्याच्या मातीशेजारी उपाशी बसून प्राण सोडतो. विनोदी रूपही आहे: तूपपोळीला चटावलेले कुत्रे गरिबाघरची भाकरी हुंगून तोंड फिरवते. या साऱ्या कथांत कुत्र्यापुढे एक भांडे असतेच. त्याची साक्ष मात्र कोणी काढत नाही. मी ते भांडे बोलतोय.

मी परळ, म्हणजे मातीची उथळ थाळी. आज मला आरपार चीर गेली आहे आणि माझ्यात पाणी ठरत नाही, पण ऐकले-पाहिले तेवढे ठरले आहे.

माझा जन्म निमोण्याच्या कुंभारवाड्यातला. रांजणावर झाकण म्हणून मला घडवले. भट्टीत एका अंगाने जास्त भाजलो आणि माझी कड काळी पडली. बाजारात राहेलबाईंनी मला उचलले ते त्या काळ्या कडेसकट. शिरूरच्या मिशनमध्ये वाढलेल्या या विधवा बाई दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. त्यांचा मुलगा गिदोन इंजिनावर फायरमन होता. पुढे माझा टवका उडाला आणि मी रांजणावरून मागच्या दारी उतरलो. परळाच्या आयुष्यात ही उतरण ठरलेलीच असते.

त्याच सुमारास गिदोनने यार्डातून एक पिल्लू आणले. ते विलक्षण अधाशी होते. माझ्यात भाकरी पडण्याआधीच त्याचे तोंड माझ्यात. त्या घरी जेवणापूर्वी प्रार्थना होई आणि ती राहेलबाईच म्हणत: “प्रभू, हे अन्न दिलंस, तुझे उपकार. आमेन.” गिदोनने ‘आमेन’ होईपर्यंत पिल्लाचे तोंड हाताने धरून ठेवायला सुरुवात केली. सिग्नल पडल्याशिवाय गाडी सुटत नसते, असे तो त्याला समजावी. नावही त्याने पॅसेंजर ठेवले. का, तर थांबणे त्या गाडीच्या नशिबीच असते. काही महिन्यांत हाताची गरज उरली नाही. समोर मटणाचे हाड असले तरी पॅसेंजर राहेलबाईंच्या ओठांकडे पाहत बसे.

एका पावसाळ्याच्या शेवटी गिदोनला विषमज्वर झाला. राहेलबाई उशाशी बसून प्रार्थना करत राहिल्या. तो गेला.

दफन झाले, पाहुणे पांगले. राहेलबाईंनी एक भाकरी थापली. अर्धी ताटात घेतली, अर्धी माझ्यात कुस्करली आणि काही न बोलता जेवायला लागल्या. पॅसेंजर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच.

मग शेजारणींचे उपाय सुरू झाले. कोणी दूधभात घातला, कोणी सुकट भाजून आणली, कोणी गूळ चुरला. राहेलबाई प्रत्येकीला एकच सांगत, की तो पहिल्यापासून खाण्याचा चोखंदळ आहे. शेजारणींना ते पटले नाही. धन्यासाठी कुत्र्याने अन्न सोडले, असे त्या म्हणू लागल्या. बाजारापर्यंत ही गोष्ट गेली. कोणीतरी माझ्या कडेशी झेंडूचे फूल ठेवले.

इथे मला पाठभेद नोंदवला पाहिजे. पॅसेंजरने अन्न सोडले नव्हते. अन्न सोडलेले कुत्रे ताटासमोर बसत नाही. हा बसत होता, आणि त्याच्या लाळेने माझा तळ ओला होत होता.

राहेलबाईंना हे ठाऊक होते. भाकरी ठेवताना त्यांचे ओठ किंचित उघडत आणि मिटत. ‘उपकार’ हा शब्द त्यांच्याने उच्चारवत नव्हता. याला शोक म्हणावे तर डोळे कोरडे होते. राग म्हणावा तर त्या भांडी आपटत नव्हत्या. मला मातीचे तेवढे कळते. कच्ची माती पाण्यात विरघळते. भाजलेली नुसती भिजते आणि वाळते.

पॅसेंजर उठेनासा झाला, तेव्हा मांडवगण फराट्याची रतनबाई आली. ती वांगी आणि फुले विकायला दौंडला येई. तिने त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

“बाई, ह्याला मी मळ्यावर नेते. चार मान्सं हायती तिथं, कुनाच्या तरी हातचं खाईल. हितं मरंल ह्यो.”

“न्या,” राहेलबाई म्हणाल्या.

रतनबाईने पाटी रिकामी केली, तळाशी गोणपाट अंथरले. मलाही त्यात घालायचे ठरले.

“पर खातो काय, तेवढं सांगा.”

“काहीही खातो.”

“मंग खात का न्हाई?”

राहेलबाई आत गेल्या. सकाळची भाकरी आणून त्यांनी माझ्यात कुस्करली. मग, बाजाराची वाट सांगावी तशा आवाजात, त्या म्हणाल्या, “प्रभू, हे अन्न दिलंस, तुझे उपकार. आमेन.”

पॅसेंजरने मान उचलली. त्याने भाकरी खाल्ली आणि माझी काळी कडही चाटली.

“एवढंच व्हय?” रतनबाईने विचारले.

“एवढंच.”

“आन् तुम्हाला ठावं व्हतं.”

“होतं.”

रतनबाईने पाटीतले गोणपाट काढून त्याची घडी केली. “आमच्यात हे कोन म्हननार, बाई? सासूनं ऐकलं तर मलाच दावनीला बांधंल. तुम्हीच म्हना,” असे म्हणून ती पाटी डोक्यावर घेऊन गेली.

राहेलबाईंची श्रद्धा परत आली, असे पुढे या कथेत जोडले जाते. त्याला माझ्यापाशी पुरावा नाही. सांगणाऱ्यांनी ते जोडू नये, एवढीच माझी विनंती आहे.

त्या संध्याकाळी राहेलबाईंनी एक भाकरी थापली. अर्धी ताटात घेतली, अर्धी माझ्यात कुस्करली. ते वाक्य म्हटले. कुत्रा जेवला. त्या जेवल्या. मग त्यांनी मला राखेने घासले आणि भिंतीशी उपडे घातले.