बांधावरचा तो पोरगा

हां, तिथंच थांबा. जे काय बोलायचं ते बांधावरूनच बोला, आत पाऊल टाकायचं नाही. तुम्ही कोण, कशासाठी आलात, पिशवीत काय आहे, मला काही ठाऊक नाही. आणि ठाऊक नसलं की माझा पहिला अंदाज वाईटच असतो. राग मानू नका. मी बुजगावणं बोलतोय. कर्जतहून कोंडाण्याच्या गुहांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला विष्णूचं भाताचं शेत आहे, त्याचा मी राखणदार. संशय घेणं हाच माझा धंदा आहे.

माझा जन्म यंदाच्या नवरात्रातला. त्याआधी या शेतात जी बुजगावणी झाली ती नावालाच होती, असं मी ऐकून आहे. एक काठी, फाटका सदरा, वर फुटकं मडकं. पाखरं म्हणे त्यांच्या खांद्यावर बसून निवांत जेवायची. यंदा मात्र विष्णूच्या लेकीनं, तेजश्रीनं, मला मन लावून बनवलं. तेजश्री कर्जतच्या कॉलेजात बारावीला आहे. तिचा थोरला भाऊ ओजस नोकरीला पुण्याला असतो. त्याची जुनी जीन्स, जुना शर्ट आणि टोपी तिनं शोधून काढली, आत पेंढा ठासून भरला, दोन पाय वेगळे केले, खांदे रुंद केले, वर मडकं बसवून त्यावर चुन्यानं डोळे-तोंड काढलं. तिची आई जया गवत उपटता उपटता बघत होती. म्हणाली, "अगं, बुजगावणं करतेस का नवरदेव?"

तेजश्री हसली. मला ते हसणंही तेव्हा संशयास्पद वाटलं होतं.

आमच्या कामाचा एक नियम आहे, एका जागी फार दिवस उभं राहायचं नाही. पाखरं काही बावळट नसतात. दोन-तीन दिवस बुजगावणं हललं नाही की ती ओळखतात, हा नुसता पेंढा आहे, बसा पंगतीला. म्हणून या भागात बुजगावण्याला सारखं हलवतात. हे काम तेजश्रीकडे होतं. कॉलेजातून आली की दप्तर टाकायची, शेतात यायची, मला चिखलातून उपटायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात रोवायची. कधी विहिरीपाशी, कधी रस्त्याकडच्या बांधाला. सूर्य कलायला लागलेला असायचा, लोंब्या दुधात आलेल्या, आणि वर पोपटांची टोळी घिरट्या घालत माझ्यावर पाळत ठेवायची.

मला रोवून झालं की तिनं जावं की नाही घरी? पण नाही. ती समोर बांधावर बसायची आणि माझ्याशी बोलायची.

"काय साहेब, आज किती पाखरं पळवली?"

पहिल्या दिवशी मी सावध झालो. बुजगावण्याशी गोड बोलणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं. रविवारी गुहा बघायला जाणारी शहरातली मंडळी अशीच येतात. माझ्या गळ्यात हात टाकतात, फोटो काढतात, आणि जाताना दोन-चार लोंब्या तोडून नेतात. कशाला? घरी फुलदाणीत ठेवायला म्हणे. पाखरं निदान खातात तरी. तेव्हा मी ठरवलं, ही काय मागते ते बघू.

तिनं काहीच मागितलं नाही. नुसती बोलत राहिली. आज नदीच्या कडेला एक झाड बघितलं, कॉलेजात कुणालाच त्याचं नाव सांगता येईना. बारावीनंतर तिला रानाचंच काहीतरी शिकायचंय, पण असं शिक्षण कुठं मिळतं ते घरात कुणाला विचारायचं? ओजसला फोन केला तर तो म्हणतो, कामात आहे. आई दमलेली असते. आणि बाबा.

बाबांवर आली की ती थांबायची. मग एकदा म्हणाली, "लहानपणी मला खांद्यावर घेऊन याच शेतात फिरवायचे. प्रत्येक पाखराचं नाव सांगायचे. मला जे काय येतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं. आता मी समोर आले की मोबाईल बघतात. साहेब, मोठं व्हायचं म्हणजे घरच्यांनी बोलायचं बंद करायचं असतं का?"

मी काय सांगणार? मी तीन आठवड्यांचा.

विष्णू वाईट माणूस नव्हे, हे मलाही मान्य आहे. रसायनीला कंपनीत जातो, पहाटे निघतो, संध्याकाळी येतो, सुट्टीला शेत बघतो. लेक मोठी झाली तसा तो तिला घाबरायला लागला असावा. काय बोलावं ते कळेना, म्हणून बोलायचंच सोडलं. पुरुषांचं हे असंच असतं, मी बांधावरून पुष्कळ पाहिलंय.

आता मुख्य गोष्टीवर येतो. एका सुट्टीच्या दिवशी विष्णू गवत कापत होता. रस्त्यापलीकडच्या घरातली त्याची द्वारकाआत्या काठी टेकत बांधावर आली. म्हातारीला मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन कर म्हणून सगळे मागे लागलेत आणि ती सगळ्यांना सांगते, मला समदं दिसतं.

"विष्णू, येक बोलू का? रागावशील."

"बोल की आत्या."

"तुझी पोरगी सांजच्याला हितं शेतात कुना पोराबरोबर उभी असते. मी माझ्या पडवीतून रोज बघते. येक दिवस हिरीपाशी, येक दिवस या कोपऱ्यात. जागा बदलतात रं, म्हंजे कुनाच्या ध्यानात येऊ नये."

विष्णूचा विळा थांबला. "कोनाचा पोरगा?"

"त्ये दिसत नाय. चांगला उंच हाय. डोक्यावर टोपी असते. तो काय बोलत नाय, नुसता उभा ऱ्हातो. तुझी तेजूच बोलत असते, हात हलवून हलवून."

"आत्या, शेतात बुजगावणं हाय आमचं."

"मला बुजगावणं कळत नाय व्हय? दिवसा बघते की त्याला. बुजगावण्याशी कोन तास तास बोलतं का?"

विष्णूनं विळा खाली ठेवला. मी तर हादरलोच. माझ्या नाकासमोर, मी राखणीला असताना, एक पोरगा शेतात येतो आणि मला पत्ता नाही? टोपीवाला म्हणजे नक्की त्या गुहावाल्यांपैकी. आणि गप्प उभा राहून पोरीचं सगळं ऐकून घेतो म्हणे. असा पोरगा मी तरी कधी पाहिलेला नाही. पक्का लबाड असणार. त्या दिवसापासून मी पाखरांकडे लक्ष देणं सोडलं आणि त्याला शोधायला लागलो. माझं दुर्लक्ष झालं आणि पोपटांनी एक अख्खा कोपरा फस्त केला.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको शेतात कुजबुजत होते. घरात बोलायची सोय नव्हती, पोरगी घरात होती ना. शेतात माणसं मोकळी बोलतात.

"तूच इचार तिला," विष्णू म्हणाला. "आई हायस तू."

"मी काय इचारू? नाय म्हनाली तर? आनि हो म्हनाली तर?" जयाच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमी इचारा."

दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. विचारायच्या ऐवजी त्यांनी ठरवूनच टाकलं. मोहोपाड्याचं एक स्थळ सांगून आलं होतं, पोरगा तिथल्याच कंपनीत. भाऊबीज झाली की येत्या रविवारी पाहुण्यांना बोलवायचं. कॉलेज दिवाळीनंतर बंद. बारावीची परीक्षा घरून देईल नाहीतर नाही देणार.

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चोराला वाट मिळण्याआधी कुंपण घातलेलं बरं, असं माझं मत. पण त्या संध्याकाळी तेजश्री आली तेव्हा मला साहेब म्हणाली नाही. मला हलवलंसुद्धा नाही. बांधावर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली.

"कॉलेज बंद म्हणतात. का ते सांगत नाहीत. आई माझा मोबाईल उशाखाली घेऊन झोपते. द्वारकाआजी माझ्याकडे बघून तोंड फिरवते. साहेब, मी काय केलं ते तरी कुणी सांगा मला."

मी मान वळवू शकत नाही, नाहीतर त्या क्षणी चारी दिशांना बघितलं असतं. अरे, तो पोरगा कुठे आहे? पोर इथं एवढी रडतेय आणि तो आलासुद्धा नाही? माझा त्याच्यावरचा राग आणखी वाढला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी विष्णू कंपनीतून लवकर आला. घरी गेला नाही. विहिरीजवळच्या करंजाच्या झाडामागे जाऊन बसला, हातात भेंडीच्या झाडाची जाडजूड काठी. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चला, आता आम्ही दोघे आहोत, आज काही तो सुटत नाही.

तेजश्री आली. मला उपटून विहिरीकडे नेलं, करंजापासून हाकेच्या अंतरावर रोवलं. टोपी नीट केली. मग म्हणाली, "साहेब, रविवारी मला बघायला येणारेत. मी नाही म्हणणार नाही. बाबांनी ठरवलंय म्हणजे काहीतरी कारण असणार. पण मला एकदा समोर बसवून सांगितलं असतं ना, तर मी ऐकलं असतं. ते काही बोलतच नाहीत. म्हणून तुला सांगते. तू निदान उठून जात नाहीस."

करंजामागे विष्णू अर्धा उठला होता. तो इकडे बघत होता, तिकडे बघत होता. मीही बघत होतो. शेतात तेजश्री, तिचा आवाज आणि परतणारी पाखरं, दुसरं चिटपाखरू नाही. आणि मग विष्णूची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. टोपी. उंच खांदे. गप्प उभा.

मलाही तेव्हाच कळलं. तो पोरगा मीच होतो.

लाज वाटली हो. इतके दिवस मी ज्याच्या नावानं दात खात होतो, तो माझ्याच कपड्यांत उभा होता. तेजश्री डोळे पुसून घरी गेली. विष्णू बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला, माझी कॉलर धरली. मला वाटलं, आता हा मला मोडणार. त्यानं ओजसच्या शर्टाचं बटण चाचपलं, कॉलर सोडली आणि काठी विहिरीच्या काठावर ठेवून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती येण्याआधीच तो शेतात हजर होता. तिनं त्याला पाहिलं आणि बिचकली.

"बाबा? काय झालं?"

"काय नाय. पाखरं बघायला आलो." मग बराच वेळ लोंबीशी चाळा करून म्हणाला, "रविवारचं मी कळवलंय. नको म्हनून. तू कालेजात जा."

तिनं त्याचा हात धरला, लहानपणी धरत असेल तसा, दोन्ही हातांनी. दोघे तसेच उभे राहिले. तिनं विचारलं, "मग आधी का बंद करणार होता?" आणि विष्णू सांगावं की नको या विचारात घुटमळत असताना त्याच्या खिशात मोबाईल वाजला. द्वारकाआत्याचा. म्हातारी फोनमध्ये एवढ्या मोठ्यानं बोलते की मला करंजाजवळूनही ऐकू आलं, लेकीला तर येणारच.

"विष्णू, अरं हायस कुठं तू? तो आलाय बघ! आत्ता उभा हाय तुझ्या पोरीजवळ. आज तर मेल्यानं तिचा हात धरलाय!"

विष्णूनं आपल्या हाताकडे पाहिलं.

"आत्या," तो म्हणाला, "तो मी हाय."

फोन बंद झाला. तेजश्री हळूहळू सगळं जुळवत होती, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कॉलेज, मोबाईल, आजीचं तोंड फिरवणं, मोहोपाड्याचं स्थळ. तिनं त्याच्या हातातून आपले हात काढून घेतले.

"म्हणजे तुम्ही मला असं समजला होता?"

यावेळी विष्णू उठून गेला नाही, एवढंच. तिथंच बांधावर बसला. ती लांब जाऊन दुसऱ्या टोकाला बसली. अंधार पडेपर्यंत दोघे तसेच बसून होते, मध्ये मी.

आता भात कापून झालंय. मला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. तेजश्री कॉलेजात जाते. ऑपरेशनला न्यायला आलेल्या रिक्षात द्वारकाआत्या बसली, हे मी स्वतः बघितलं. विष्णू रोज संध्याकाळी मोकळ्या शेतात जातो आणि बांधावर बसतो. तेजश्री कधी येते, कधी येत नाही. आली की पाखराचं नाव विचारते, तो सांगतो. बाकीचं ती अजून त्याला सांगत नाही. तो वाट बघतो. मला विचाराल तर माझा त्याच्यावरही पूर्ण विश्वास नाही. चार दिवस गोड वागणं कुणालाही जमतं. पण बसतो खरा.

पुढच्या वर्षी मी असेन की नाही कुणास ठाऊक. आतला पेंढा गुरं रोज थोडा थोडा ओढतात. म्हणून जाता जाता सांगून ठेवतो. घरातल्या माणसाचा संशय आला, तर बाहेरून बघणाऱ्यांना विचारू नका, झाडामागे लपू नका. त्यालाच विचारा. मला विचारता आलं नाही, कारण माझं तोंड चुन्यानं काढलेलं आहे. तुमचं तर खरं आहे ना?