नगर सुधार पक्षाचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बंगळूर शहरातली लोकशाही एके काळी माझ्या आधाराने उभी होती. म्हणजे खरे तर बसलेली होती, आणि तेच सांगायचे आहे.

आनेकलच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. लाकूड उत्तम, पण पाय त्याने फार आत बसवले. त्यामुळे बाकीचे उठले आणि टोकाचा एकटा बसून राहिला, की मी उलटतो. १९५६ साली मी चिकपेटेत, नगर सुधार पक्षाच्या कचेरीत आलो आणि पहिल्याच आठवड्यात टोकाला बसणाऱ्या विश्वासरावांना पाडले. ते वजनाने भारी, गुडघ्यांनी अधू. तेव्हापासून रीतच पडली. "उठू या का, विश्वासराव?" असे विचारायचे, आणि त्यांनी "सरी", म्हणजे बरं, म्हटले की सगळ्यांनी एकदम उठायचे. लोक आमच्या एकीचे कौतुक करत.

अध्यक्ष नरसिंहराव समोर खुर्चीवर बसत. लागोपाठ दोन निवडणुका त्यांनी हरून दाखवल्या होत्या. ते भाषणाला उभे राहिले की रस्त्यावरची गुरेही पुढे सरकत. तरी दरवर्षी अध्यक्ष तेच. अखेर १९५९ साली वकील उपेंद्रअण्णांनी त्यांना हटवायचे ठरवले. माझ्यावर बसणारी सगळी कार्यकारिणी अण्णांच्या बाजूची होती. पण बेत फसला तर अण्णांची हकालपट्टी ठरलेली. बैठकीच्या सकाळी त्यांचा तळवा माझ्या फळीवर सारखा फिरत होता, आणि माझी खुंटी उगाच करकरत होती.

"अण्णा, भाषण नको हं, नुसते उठा," शेजारच्या प्रमोदिनीअक्का कुजबुजल्या. "आम्ही आहोत मागे."

"पण स्वल्प हळू," टोकावरून विश्वासराव म्हणाले.

नरसिंहरावांनी चष्मा पुसला. "चिठ्ठ्या कशाला? ज्यांना मी नको, त्यांनी उभे राहावे."

उपेंद्रअण्णा ताडकन उठले. विचारायचे राहून गेले. पाठोपाठ अक्का उठल्या, बाकीचेही उठले. विश्वासराव अजून गुडघ्यांवर हात टेकत होते. माझे दुसरे टोक वर जाऊ लागले. मी जीव खाऊन धरून ठेवले असते, पण बाकाला हात नसतात.

"अय्यो, बसा! पडलो मी!"

तीन वर्षांची सवय. सगळे झटकन खाली बसले. उपेंद्रअण्णासुद्धा.

"कोणीच उभे नाही," नरसिंहराव म्हणाले. "सरी. कॉफी सांगा."

अण्णांचा चेहरा उतरला. "उठू या का, विश्वासराव?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

"आता कॉफी सांगितलीय ना, अण्णा."

संध्याकाळी अण्णांना पक्षातून काढल्याचा ठराव एकमताने झाला. त्यासाठी कोणाला उठावे लागले नाही.

मित्रांनो, बाक डुगडुगत असेल तर त्याला वेळीच सुतार दाखवा. मला पुढच्या वर्षी दाखवला. कॉफी निवेपर्यंत त्याने माझे पाय बाहेर सरकवून दिले. आता कोणीही एकटा खुशाल उठू शकतो.

अध्यक्ष नरसिंहरावच आहेत. उपेंद्रअण्णांच्या जागेवर छत्र्या ठेवतात.