फर्डिनंडने रंगवलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि माझा स्वभाव कडू आहे. गोड बोलणं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. माझा राग एकाच माणसावर आहे, पाचूबंदरच्या फर्डिनंड तांडेलावर. त्याने माझ्या जन्माची माती केली, तीही प्रेमाने.

खरं तर मी दगडही नाही. वालीवच्या एका कारखान्यात सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा कालवून मला साच्यात ओतलं. आतून पोकळ, चहूबाजूंनी भोकं आणि अंग मुद्दाम खरबरीत ठेवलेलं. साचा उघडणारे कामगार हसून म्हणाले, "काय ध्यान आहे!" पण जीनाने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असाच हवा होता मला." तेव्हा मी फार सुखावलो.

ही जीना समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करते. बंदरासमोर पाण्याखाली एक खडक आहे. त्यावर पूर्वी प्रवाळ होते. प्रवाळ म्हणजे झाड नव्हे, इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत. आपलं पाणी गढूळ, तरी ते काटक जीव तग धरून होते. होड्यांच्या नांगरांनी त्यांना मोडलं आणि त्यांच्या आडोशाने राहणारी मासळीही गेली. उरलेले तुकडे जीनाने टाकीत वाढवले. आम्हा दगडांना खडकाशेजारी उतरवायचं आणि आमच्या अंगावर ते तुकडे चिकटवायचे, असा तिचा बेत होता. कुणीतरी माझ्यावर वस्ती करावी, एवढीच माझी इच्छा होती.

आम्हाला धक्क्यावर आणलं तो नेमका होड्यांना आशीर्वाद देण्याचा दिवस. पताका लागल्या होत्या, फादर पवित्र पाणी शिंपडायला येणार होते. जीना पाणबुड्यांबरोबर पुढे गेली होती आणि आम्हाला फर्डिनंडची होडी नेणार होती. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याला माझी कीव आली. कीव! माझी!

"फादर येनार हाय, आन् ह्यो असा उघडा-बोडका बसलाय," तो म्हणाला.

"त्या पोरीला इचार तरी," त्याची बायको क्लेमेंटीन म्हणाली.

"त्यात काय इचारायचं? पान्यात जानाऱ्याला रंग लागतोच."

होडीच्या बुडाला लावून उरलेला लाल रंग त्याने आणला आणि गुणगुणत मला रंगवलं. डबा माझ्यावरच संपला, म्हणून बाकीचे दगड वाचले. फादरांनी आशीर्वाद दिला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मूर्ख मी, जरा फुशारलोही.

मित्रांनो, होडीच्या बुडाला तो रंग का लावतात ठाऊक आहे? कालवं आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून. त्या रंगात विषच असतं.

खाली पाणी इतकं गढूळ की पाणबुड्यांनी चाचपडतच माझ्यावर तुकडे चिकटवले. रंग कुणाला दिसलाच नाही. शेजारच्या दगडांवर तुकडे रुजले, मासे घुटमळू लागले, खेकड्यांनी भोकं बळकावली. माझे तुकडे पांढरे पडले आणि गळून गेले. नवे चिकटवले, तेही गेले. दोन पावसाळे मी शेजाऱ्यांची भरली घरं बघत बसलो आणि फर्डिनंडला शिव्या घालत राहिलो. शेवटी जीनाने माझं अंग खरवडलं आणि तिच्या हाताला लाल पापुद्रा लागला.

मला वर काढायला पुन्हा त्याचीच होडी आली. होडीवर भांडण पेटलं.

"अंकल, हा रंग कोणी लावला?"

"मी. होडीला लावतो तोच. म्हागाचा हाय."

"होडीला कशाला लावता?"

"काय चिकटू नये म्हनून..." बोलता बोलता तो थांबला. मग उगाच चिडून माझ्या पोकळीतला गाळ उपसू लागला आणि एकदम ओरडला, "पोरी, बादली आन! पानी भर!"

एका भोकाच्या आत, जिथे त्याचा ब्रश पोचला नव्हता, तिथे वाटाण्याएवढं प्रवाळ होतं. जिवंत. ते कुणी चिकटवलेलं नव्हतं, आपण होऊन आलं होतं. मला माहीत होतं. पण दगडाला ओरडता कुठे येतं?

जीनाने छिन्नीने ते हलकेच सोडवून बादलीत ठेवलं. "हा दगड पुन्हा खाली सोडता येणार नाही. विष अंगात मुरलंय त्याच्या," ती म्हणाली. पाणबुड्याने ते खाली नेऊन शेजारच्या दगडाला चिकटवलं. माझं एकुलतं एक लेकरू असं दुसऱ्याच्या घरी गेलं आणि मी धक्क्यावर येऊन पडलो. आता माझ्यावर जाळी वाळतात आणि कावळे घाण करतात.

वालीवहून नवे दगड आले की फर्डिनंड त्यांच्यापुढे काठी घेऊन बसतो. कुणी जवळ आलं की माझ्याकडे बोट दाखवून खेकसतो, "हात नाय लावायचा! ह्याचं काय झालं बगा!" माझ्या नशिबी हे शोभेचं काम!

मित्रांनो, कुणाचं भलं करायची हौस आली, तर हात लावण्याआधी त्याला काय हवंय ते विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याला ओळखणाऱ्याला विचारा. क्लेमेंटीनने तेवढंच सांगितलं होतं.

फर्डिनंडला मी माफ केलेलं नाही. खडकाकडून परत आला की तो माझ्या पाठीवर थाप मारतो. ती मला मुळीच आवडत नाही. पण मग तो खाली वाकून म्हणतो, "जीना सांगते, तुजं पोर वाढतंय." म्हणून त्याची होडी दिसली की मी शिव्या थांबवून कान देतो.