कपाळाला लागलेला चेंडू

कल्याणच्या मालधक्क्यावरच्या कारकुनांचा फुटबॉल क्लब विश्रामभाऊंनी काढला, त्याला १८९३ साली चार वर्षं झाली होती. चामड्याचा चेंडू त्यांची आई घरात येऊ देईना, म्हणून तो गोठ्यात टांगलेला असे. आणि चेंडू ज्याच्या गोठ्यात तो कप्तान, हे ओघानंच ठरून गेलं होतं. लाथ मारली तर पाय धुता येतात, पण गंध लावलेल्या कपाळाला चामडं कोण लावणार? चेंडू वरून आला की कारकून मंडळी मान लववून त्याला वाट देत.

त्यात इंजिनशेडमधला फायरमन उत्तम क्लबात आला. अनवाणी, दांडगा; चेंडू वरून आला की खुशाल डोक्यानं हाणायचा. लोक टाळ्या पिटत, आणि विश्रामभाऊ तोंड फिरवत. "आज उत्तमनं म्हणे दोन गोल केले," असं त्यांच्या बायकोनं, सुमतीनं, एकदा जेवताना नुसतं म्हटलं, तर ते ताटावरून उठले.

ठाण्याच्या संघाशी सामना होता. मैदानात उतरताना क्लबातल्या मधू कारकुनानं सगळ्यांदेखत विचारलं, "विश्रामराव, कप्तान गोठ्यानं ठरायचा की गोलानं?"

मंडळी खो खो हसली.

"गोलानं!" विश्रामभाऊ तिरीमिरीत बोलून गेले. "आज जो गोल करील तो कप्तान."

दुर्गाडी किल्ल्याखालच्या मैदानात खेळ संपत आला तरी गोल होईना. मधूनं कोपऱ्यातून चेंडू उंच उडवला. खाली उत्तम सज्ज उभा होता. त्याचा तो निवांत, खात्रीचा चेहरा पाहिला आणि विश्रामभाऊंना ना गंध आठवलं, ना आई. त्यांनी त्याला कोपरानं बाजूला ढकललं आणि डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

गोल!

"वा कप्तान!" मधू ओरडला. "उत्तमची विद्या बरी उचललीत हो!"

टाळ्यांत कुणीतरी "उत्तमचा चेला!" अशी आरोळी ठोकली. अंगावरची धूळ झटकत उत्तम जवळ आला.

"विश्रामभाऊ, डोळं नका मिटू. मान ताठ ठेवा, नायतर कपाळमोक्ष व्हईल."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, तेच जास्त झोंबलं.

घरी आईनं त्यांना उंबऱ्याबाहेरच थोपवलं आणि विहिरीवर अंघोळीला धाडलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीची वेळ होईपर्यंत कप्तान विहिरीमागं एकटेच चेंडू उडवत होते. डोळे उघडे, मान ताठ. चेंडू भलतीकडे गेला की दात खाऊन उत्तमच्या नावानं शिवी हासडायचे आणि पुन्हा उडवायचे.