कड्याखालची सावली

“काका, बावीस वर्षं दर वेळी खडकातली सळई चार बोटंच बाहेर? कमी नाही, जास्त नाही?” खडक तपासायला आलेल्या नव्या बाईंनी माझी वही माझ्याच तोंडासमोर धरली.

“जास्त कशी होईल? मोजून झालं की मी ती हातोडीने परत पार आत ठोकतो. काम अर्धवट टाकायची सवय नाही आपल्याला.”

बाईंनी वही मिटली.

“अहो, ती ठोकायची नसते! खडक झिजेल तशी ती उघडी पडत जाते. तुम्ही दरवर्षीची झीज पुसून टाकलीत. दर वेळी तोच आकडा पाहून ऑफिसात सगळे समजले, हा थर जागचा हललेलाच नाही.”

आमचा कडा पट्ट्यापट्ट्यांचा. वरचा तांबडा थर टणक, खालचा राखाडी इतका मऊ की नखाने खरवडावा. माझ्या सळया राखाडीत.

“आणि इथे सावली कधीपासून पडते?” बाईंनी वर बघत विचारलं.

पूर्वी मोजताना उन्हाने पाठ भाजायची. हल्ली गार वाटतं. म्हटलं, म्हातारपणी नोकरीत एवढं तरी सुख. आता मान वर केली. डोक्यावर तांबड्या थराची नुसती फळी, तिच्याखाली आधार नाही. आणि त्या फळीवर माझ्या थोरल्या बहिणीचं घर.

कसा वर चढलो, आठवत नाही.

आक्का भांडी घासत होती. याच ओट्यापाशी तिने मला चाळिशीत आकडे गिरवायला शिकवले, म्हणून ही नोकरी लागली. शेजारी घर सोडून गेले तेव्हा ती ठसक्यात म्हणाली होती, “माझा भाऊ मोजतो. मला कसली भीती?”

“आक्का, बाहेर चल. हळू. पाय आपटू नकोस.”

“का रे, कोणी झोपलंय का?”

सगळं सांगितलं. पातेलं तिच्या हातात तसंच राहिलं.

“बावीस वर्षं?”

“बावीस.”

“कामचुकार निघाला असतास तर बरं झालं असतं रे,” ती म्हणाली. मग तिने नळ बंद केला, पातेलं आवाज न करता पालथं घातलं आणि तशीच बाहेर आली. चपला दाराशीच राहिल्या.

“आणू?”

“नको. तू जाऊ नकोस आत.”

पुढे पक्का डांबरी रस्ता होता. तरी ती माझा हात घट्ट धरून, एकेक पाऊल आधी चाचपून मगच टाकत होती.