वानरांची बंदूक समुद्रावर

आमच्या यज्ञेशने जहाजावरची नोकरी सोडून स्वतःची शिडाची होडी घेतली, तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. लोकांची मुलं फ्लॅट घेतात, माझ्याने होडी घेतली. पण दिवाळीनंतर एकटाच मस्कतला जातो म्हणून पावसला घरी निरोप घ्यायला आला, तेव्हा मात्र मी आडवी आले. साल दोन हजार पाच. पेपरात आफ्रिकेकडच्या चाच्यांच्या बातम्या.

"ह्यांची बंदूक घेऊन जा. नाहीतर जाऊ नकोस."

ठासणीची बंदूक आमची, इकडे बागाबागांतून असते तशी. आंब्याच्या कलमांवर वानरं उतरली की हे असताना हे, आणि ह्यांच्या मागे मी बार काढत आले. परवानाही माझ्याच नावावर.

"आई, तो परवाना बागेच्या राखणीचा आहे. आणि परक्या बंदरात बंदूक आधी जाहीर करावी लागते. ते काढून घेतात नाहीतर सील ठोकतात."

"ठोकू देत. समुद्रात तर हातात असेल?"

"समुद्रात ती दिसली की समोरचा आधी गोळी घालतो. माझ्याकडे काही नाही म्हटल्यावर सामान नेईल, मला सोडेल."

"सोडेल! तुझा मावसभाऊ लागतो तो?"

दोन दिवस हेच. शेवटी मी म्हटलं, मला नाटे बंदरापर्यंत ने. बंदूक घेऊन मी बसते, बघू काय बिघडतं ते. परवान्याचं तो पुन्हा बोलला, मी पुन्हा ऐकलं नाही.

सकाळी रनपारहून निघालो. बंदूक चादरीत, दारूची डबी, केपांची डबी पिशवीत. समुद्र अगदी निवांत होता. मला मळमळलंसुद्धा नाही. आंबोळगडाच्या अलीकडे होडी एकाएकी जड झाली. यज्ञेश शिडाकडे बघायला पुढे गेला, तेवढ्यात एक लाँच सरळ आमच्याच अंगावर येताना दिसली. चार जण. पुढचा कोयता नाचवत ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात शब्द काही कळेना.

"मच्छीमार असतील, आई."

"मच्छीमार कोयता दाखवत येतात होय?"

मी चादर सोडली. दारू ओतली, काथ्याचा बोळा, छर्रे, वर पुन्हा बोळा, गजाने ठासलं. नळी कठड्यावर टेकवून कोयतेवाल्याच्या छातीवर धरली. फक्त ठिणगी पाडणारी केप चढवायची राहिली होती. मेली केपांची डबी उघडेना. गंजली होती.

लाँच दहा हातांवर थांबली. इंजिन बंद झालं.

"ओ आजी," कोयतेवाला म्हणाला, "हितं कुठली ओ वानरं?"

बाकीचे खो खो हसले.

"जाळ्यावर आलाव तुमी! सुकाणूत अडाकलंय बघा. आरडून आरडून घसा बसला आमचा."

मागे वळून बघितलं. जाळ्याचे तरंगते बोये आमच्यामागून फरफटत येत होते. जहाजावर वीस वर्षं काढलेल्या माझ्या चिरंजिवांना ते दिसले नव्हते, आणि मला दिसला तो फक्त कोयता.

तो नाट्याचा लवू. कोयता दातांत धरून त्याने उडी टाकली. एक दोर तेवढा कापला, बाकी जाळं बोटांनी सोडवत राहिला. डोकं वर काढायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. होडी डुलत होती. भरलेली बंदूक माझ्या मांडीवर, आणि खाली तो माणूस. ठासलेला बार उडवल्याशिवाय निघत नाही, आणि केपांची डबी उघडली तरी उडवायचा कुठे? तिघं जण समोर लाँचवर बसलेले.

मी तांब्या समुद्रात बुडवला आणि दारू भिजावी म्हणून नळीत ओतला. मग आणखी एक.

"आई, गंजेल ती," यज्ञेश हळूच म्हणाला. दर दसऱ्याला तेलपाणी करून मी ती ठेवत आले, हे त्याला ठाऊक होतं.

"गंजू दे."

लवू वर आला तेव्हा कुडकुडत होता. मी पंचा दिला. कापलेल्या दोराची टोकं त्याने तिथंच गाठ मारून जोडली. मी बंदूक मांडीवरून उचलली. चादर पुन्हा गुंडाळून टाकली.

"ह्याला चहा दे आधी," मी यज्ञेशला म्हटलं. "आणि मला नाट्याला उतरव. तिथून एसटी मिळेल."

"बंदूक?"

"माझ्याबरोबर."

तो स्टोव्ह पेटवता पेटवता थांबला. "आणि मस्कत?"

"जा की," मी म्हटलं. "मी कधी अडवलं तुला?"