दुपट्ट्याखालचे महिने

खामगावच्या जुन्या कापूस बाजारातून दर रविवारी सकाळी हा बाजार दाखवणारी एक फेरी निघते, आणि तिच्या पुढं इंद्रभान चालतो. चाळीस वर्षं त्यानं या गल्ल्यांतून कापसाच्या गाठी वाहिल्या. आता पाठीवर काही नाही, म्हणून जिभेवर वाहतो.

थंडीचे दिवस. सरकी काढणाऱ्या जिनिंगा सुरू झालेल्या. हवेत रुईचं पीस तरंगत होतं, आणि फेरीतली माणसं आपण चालतोय की अजून गादीतच आहोत, अशा चेहऱ्यानं मागोमाग येत होती.

"हे जिनिंगची चिमणी पाहा," इंद्रभान म्हणाला. "वाकडी हाय ना? जलंब टेसनावरून गाडी निघाली का हे कान देते. अन् हे विहीर! एका साली ठेवाले जागा नव्हती म्हणून इच्यात कापूस भरला. उन्हाळ्यात त्याची वाफ झाली. थो ढग अजून जानेफळावर फिरून राह्यला. पाऊस नाही पाडत, गाद्या भरून देते."

सगळे हसले. अर्पिता हसली नाही. पुण्याहून ती आठ दिवसांसाठी आली होती, आणि उद्या आईचं इथलं घर विकत घेणारा माणूस कागद पाहायला येणार होता. शेजारी आई चालत होती, रुक्मिणीबाई.

"आई, कायमची येतेस ना पुण्याला?" असं अर्पितानं पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "हाव." हो म्हणाली, म्हणून अर्पिताला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी उगीच खात्री करावी म्हणून विचारलं, "की इथंच राहायचंय?" "हाव." चहा गार झालाय, ओतून देऊ? "हाव." या एका शब्दावर आईनं सासू, नणंदा, नवरा आणि लेक अशा सगळ्यांना आयुष्यभर खूश ठेवलं होतं. त्या शब्दामागं काय आहे, हे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. आणि आज रविवार होता; उद्यापर्यंत ठरायला हवं होतं.

इंद्रभान एका दगडी ओट्यापाशी थांबला. "हा दगड बसून बसून नाही झिजला. दलालांचं खोटं ऐकून ऐकून झिजला." त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. "भाव तोंडानं नाही सांगायचा. याच्याखाली हात घालायचा. एक बोट धरलं म्हणजे एक. पंजा धरला म्हणजे पाच. नाही पटलं तं हात काढून घ्यायचा. पटलं तं तळहातावर थाप. कोन येते?"

कुणी पुढं व्हायच्या आत रुक्मिणीबाईंचा हात दुपट्ट्याखाली गेला. इंद्रभान दचकला.

"काकू! तुमाले येते?"

"घरच्यायनं शिकोलं," त्या हलकेच म्हणाल्या. "दलाल होते ना हिचे बाबा, हिंमतराव. समोर सासूबाई बसून राहे. गोधडीखाली हात घालून बोलत जाओ आमी. अर्धा संसार तसाच ठरवला."

अर्पिता जवळ सरकली. थंडीत आई आणि बाबा गोधडी पांघरून गुपचूप बसलेले तिनं शेकडो वेळा पाहिले होते. तिला वाटायचं, दोघांकडं बोलण्यासारखं काही नाही.

"काका, सरका जरा."

तिनं आपला हात आत घातला. "महिने," ती म्हणाली. "वर्षातले. पुण्याचे." आईचा पंजा दोनदा धरला, मग दोन बोटं. बारा.

आईनं हात काढून घेतला.

अर्पिता पाहतच राहिली. बेचाळीस वर्षांत आईनं तिला दिलेला हा पहिला नकार. हात परत आत आला. अर्पितानं पंजा आणि तीन बोटं धरली, आठ. आईचा हात बाहेर. आता आईनंच तिची दोन बोटं पकडली.

"आई, दोन म्हणजे अगदीच..."

"ओ ताई! सौद्यात तोंड नाही उघडायचं!" इंद्रभान ओरडला. दुपट्ट्याच्या सुरकुत्यांवरून भाव ओळखणारा हा माणूस, पण आत्ता तो भिंतीकडं तोंड करून उभा होता.

रुई उडत होती. अर्पिताला वाटलं, बाजार भरलाय, ओट्या-ओट्यावर दुपट्टे पसरलेत आणि खाली शेकडो हात मासोळ्यांसारखे हलताहेत. आईचं बोट कोरडं होतं, उबदार, आणि आईपेक्षा बरंच तरुण. सहा. दोन. पाच. दोन. मग आईनं तीन बोटं धरली, खूप वेळ धरून ठेवली, सोडलीच नाहीत. अर्पितानं श्वास सोडला आणि आईच्या तळहातावर थाप मारली.

तिथंच उभी राहून तिनं डाव्या हातानं फोन लावला. "उद्या येऊ नका. नाही, भावाचं काही नाही. घर विकायचं नाहीये." डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, उजवा आईनं धरलेलाच होता.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"कोनी इचारलं का असं? पुसे तं तोंडाकडं पाहून पुसे. समोरच्याचं तोंड पडलं का मले 'नाही' म्हनवत नाही, माय."

फेरी पुढच्या वळणाकडं निघाली होती. इंद्रभान घुटमळला. "काकू, दुपट्टा?"

"तुमी व्हा पुढं, भाऊ. आमचं राह्यलं अजून." रुक्मिणीबाई ओट्यावर टेकल्या, लेकीला शेजारी बसवलं. "आता कोनते तीन, थे ठरवू. मे महिना मी देत नाही. लोनचं टाकाचं रायते."

आणि दुपट्ट्याखाली त्यांनी अर्पिताचं बोट धरलं.